टाइप १ मध्ये इन्शुलिनचे युनिट दुप्पट झाले, तर आधी काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ २९ वर्षांचा, तेराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह. घर कोपरखैरण्याला, नोकरी ऐरोलीला, महिन्यातला अर्धा काळ रात्रपाळी. चार वर्षांत वजन ६४ वरून ७९ किलो झालं आणि रोजचं इन्शुलिन ४४ वरून ८६ युनिटवर गेलं: रात्री ग्लार्जिन (दिवसभर सावकाश काम करणारं इन्शुलिन) ५०, तीन जेवणांना जलद इन्शुलिन १२-१२-१२. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८.६, कंबर ९९ सेंटिमीटर, बीपीची गोळी सुरू. पहाटे अधूनमधून शुगर लो होते आणि नाश्त्याला ३०० दिसते. सुई वर्षानुवर्षं पोटावर एकाच बाजूला. घरचे म्हणतात "आता याला टाइप २ पण झाला", आणि एका ठिकाणी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या लिहून दिल्यात. सुरू करायचं का?

डापाग्लिफ्लोझिन सुरू करू नका, कारण पुढे देतो. मेटफॉर्मिनची घाई नाही. आधी दोन-तीन आठवडे खाली लिहिलेली तपासणी करा. ८६ पैकी किती युनिट खरोखर शरीराला लागतात आणि किती वाया जातात, हे त्याशिवाय कळणार नाही.

टाइप १ चा टाइप २ होत नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात, त्या वजन वाढल्याने परत येत नाहीत. पण त्याच माणसात इन्शुलिन रेझिस्टन्स वाढू शकतो, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त इन्शुलिन लागतं. दोन्ही एकत्र असले की डॉक्टर 'डबल डायबेटिस' म्हणतात. मूळ निदानाबद्दलच शंका असेल तर सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते यातून कळतं) आणि जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने बीटा पेशींवर हल्ला केल्याची खूण) तपासा. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये मिळणारा होमा-आयआर हा रेझिस्टन्सचा आकडा मात्र त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. त्यात रक्तातलं इन्शुलिन मोजतात. त्याच्या रक्तात असतं ते टोचलेलं इन्शुलिन, आणि ॲनालॉग (ग्लार्जिनसारखं, रचना थोडी बदललेलं) इन्शुलिन तर काही लॅबच्या चाचणीत धड मोजलंच जात नाही. त्या आकड्यावरून कुणी रेझिस्टन्स सांगत असेल तर तो धरू नका.

बारीक माणसालासुद्धा टाइप १ मध्ये थोडा रेझिस्टन्स असतो, हे फारसं सांगितलं जात नाही. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देणारे आणि न देणारे असे मधुमेहाचे दोन गट दाखवले, आणि त्यानंतर बराच काळ टाइप १ म्हणजे 'फक्त इन्शुलिन नाही' एवढंच समजलं गेलं. १९८२ मध्ये राल्फ डीफ्रॉन्झो यांच्या गटाने क्लॅम्प पद्धतीने मोजलं, तेव्हा टाइप १ मध्येही रेझिस्टन्स ठळक दिसला. क्लॅम्पमध्ये शिरेतून ठराविक वेगाने इन्शुलिन सोडतात, साखर एका पातळीवर धरून ठेवायला किती ग्लुकोज लागतं ते मोजतात. जितकं जास्त लागेल तितकं शरीर इन्शुलिनला संवेदनशील.

याचं एक मोठं कारण इन्शुलिन कुठून शिरतं यात आहे. निरोगी माणसात स्वादुपिंडातलं इन्शुलिन आधी यकृताकडे जातं आणि साधारण निम्मं तिथेच वापरलं जातं. स्नायू आणि चरबीला उरलेलं मिळतं. त्वचेखाली टोचलेलं इन्शुलिन मात्र आधी सगळ्या शरीरात फिरतं. यकृताला पुरेसं मिळावं म्हणून डोस वाढवला की स्नायूंना सतत गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन मिळतं, आणि ते त्याला दाद देईनासे होतात. दुसरीकडे यकृताला ते कमी पडल्याने आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनला आवर घालणारं संप्रेरक) कमी बनतं, मग ग्रोथ हार्मोन वाढतं, आणि तेही इन्शुलिनच्या विरोधात काम करतं. पहाटे ३ ते ८ मध्ये शुगर चढते त्यात याच ग्रोथ हार्मोनचा हात असतो. एवढा रेझिस्टन्स त्याला तेराव्या वर्षापासूनच असणार. आपल्याला शोधायचंय ते चार वर्षांत वाढलेल्या ४२ युनिटचं कारण.

पहिली तपासणी त्वचेची. पोटावर एकाच जागी टोचत राहिलं की चरबीच्या गाठी धरतात. त्या जागी दुखत नाही, म्हणूनच माणूस तिथेच टोचत राहतो. गाठीतून इन्शुलिन कमी शोषलं जातं, आणि रोज वेगवेगळं शोषलं जातं: आज १२ युनिट टोचले तर ८ चा परिणाम, उद्या १२ चा. २०१३ मध्ये स्पेनमधला ४३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गाठी असलेल्यांचा रोजचा डोस सरासरी ५६ युनिट होता, गाठी नसलेल्यांचा ४१. गाठ नुसती बघून कळत नाही, हाताने शोधावी लागते. त्याला उजेडात उभं करा, बोटांना साबणाचं पाणी किंवा थोडं तेल लावा आणि बेंबीच्या बाजूने बाहेर सावकाश दाबत जा. निरोगी जागी चिमटीत त्वचा पातळ येते. गाठीवर चिमटी जाड आणि रबरासारखी लागते, कडेला उंचवटा जाणवतो. पेनाने तिची कड आखून फोटो काढून ठेवा. त्या जागी किमान तीन महिने सुई नको.

इथे एक धोका आहे. गाठीतून ५० युनिट घेणारा माणूस चांगल्या जागी तेच ५० घेईल तर पहाटे शुगर झपाट्याने उतरू शकते. म्हणून जागा बदलायच्या दिवशीच डोस १० ते २० टक्के कमी करावा लागतो. किती करायचा ते त्याच्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या, आणि त्या आठवड्यात रात्री ३ ची शुगर बघाच. पुढे पोट, दोन्ही मांड्या आणि कुल्हे अशा जागा आळीपाळीने वापराव्यात, दोन टोचण्यांत एक बोटभर अंतर ठेवावं. सुई ४ मिलिमीटरची पुरते, जाड माणसालाही. पेनवर प्रत्येक वेळी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहायचं, बटण पूर्ण दाबल्यावर १० पर्यंत मोजून मगच सुई काढायची. एका जागी ५० युनिट टोचले की शोषण मंदावतं. एवढा डोस दोन जागी वाटून घेतला तर बरं.

दुसरी तपासणी इन्शुलिनची. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या, पेनची कार्ट्रिज १०० ची. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. कधी पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत इन्शुलिन ओढलं, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. उलट ४० च्या व्हायलमधून केशरी टोपीच्या सिरिंजने २० घेतलं तर जातात फक्त ८. अचानक 'इन्शुलिन लागत नाही' किंवा 'भयंकर लागलं' अशी तक्रार आली की आधी टोपीचा रंग विचारावा.

उष्णतेचंही तसंच. न उघडलेलं इन्शुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यापासून लांब, कारण एकदा गोठलं की गेलं. वापरात असलेलं पेन खोलीच्या तापमानात साधारण २८ दिवस चालतं, पण ती खोली ३० अंशांच्या आतली हवी. मे महिन्यात ठाण्याला स्टेशनबाहेर उन्हात लावलेल्या बाइकच्या डिकीत किंवा घोडबंदर रोडवर बंद गाडीत त्याहून खूप वर पारा जातो. खराब झालेलं ग्लार्जिन दिसायला स्वच्छच राहू शकतं. म्हणून नवीन पेन सुरू करताना त्यावर तारीख लिहायची. त्याच डोसवर तीन-चार दिवस शुगर कारण नसताना वर राहिली तर नवीन पेन उघडून बघायचं. फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल तर ओल्या मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवलेलं इन्शुलिन बाहेरच्यापेक्षा बरंच थंड राहतं.

आता आकडे. त्याचं बेसल, म्हणजे जेवणाव्यतिरिक्तची गरज भागवणारं ग्लार्जिन, ५० युनिट: एकूण डोसच्या ५८ टक्के आणि किलोमागे ०.६३. बेसल निम्म्याच्या वर गेलं आणि किलोमागे ०.५ ओलांडलं की मला संशय येतो की ते जेवणाचं काम करतंय. पहाटेचे लो याच बाजूला बोट दाखवतात. तपासायची पद्धत सोपी आहे. रात्रपाळी नसलेल्या दिवशी साडेसात-आठला हलकं, कमी तेलाचं जेवण आणि त्याचं नेहमीचं इन्शुलिन. त्यानंतर सकाळी ६ पर्यंत काही खायचं नाही, करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा जादा डोस) घ्यायचं नाही. मग चार तासांनी, म्हणजे रात्री १२ ला, आणि पुढे ३ आणि ६ ला शुगर. तीन आकड्यांत ३० पेक्षा जास्त चढउतार नसेल तर बेसल बरोबर आहे. ५० किंवा जास्त उतरली तर बेसल जास्त आहे. मध्ये ७० च्या खाली गेली तर चाचणी तिथेच थांबवायची आणि साखर घ्यायची. निष्कर्ष एका रात्रीवर काढू नका, दोन रात्री बघा. बदल एका वेळी १० टक्के, मग तीन दिवस थांबायचं. सीजीएम (शुगर सतत मोजणारा सेन्सर) लावलेला असेल तर हे सगळं आलेखात आपोआप दिसतं.

पहाटे लो आणि नाश्त्याला ३००, याचं सरळ कारण बहुतेक वेळा खाण्यात सापडतं. घाबरलेला, थरथरणारा माणूस अर्धा पुडा बिस्किटं, दूध आणि वर एक पेढा खातो. लो साठी १५ ग्रॅम साखर पुरते: तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढंच ग्लुकोज पाण्यात, मग १५ मिनिटं थांबून परत शुगर. तरी ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. बिस्किटातला मैदा आणि तूप उशिरा पचतं, म्हणून लो लवकर सुटत नाही आणि दोन तासांनी शुगर उंच जाते. वजन वाढण्याचं हे एक मोठं, दुर्लक्षित कारण आहे: जास्त बेसल, त्यामुळे लो, त्यामुळे खाणं, त्यामुळे वजन, त्यामुळे पुन्हा जास्त इन्शुलिन. अमेरिकेतल्या टाइप १ वरच्या डीसीसीटी अभ्यासाचे निकाल १९९३ मध्ये आले आणि काटेकोर नियंत्रणाने डोळे-किडनी वाचतात हे सिद्ध झालं. पण त्याच गटातल्या ज्यांचं वजन सर्वांत जास्त वाढलं, त्यांच्यात बीपी, रक्तातली चरबी आणि पोटाचा घेरही वाढलेला दिसला. इन्शुलिन चांगलं आणि लठ्ठपणा वाईट, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

जेवणाचे १२-१२-१२ हेही तपासा. रोज सकाळचा चहा-पोळी आणि आगरी हळदीच्या रात्रीचं जेवण यांना तोच डोस चालणार नाही. एका मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, ५० ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या भाकरीत ४० च्या आसपास, एक वाटी भातात जवळपास तेवढीच. ५०० ला रोजच्या एकूण युनिटने भागलं की एक युनिट किती ग्रॅमला पुरेल याचा अंदाज येतो, आणि १८०० ला भागलं की एक युनिट शुगर किती उतरवेल ते. ८६ युनिटवर हे आकडे सुमारे ६ ग्रॅम आणि २१ येतात. त्वचा आणि बेसल सुधारून एकूण ६० वर आलं तर ८ ग्रॅम आणि ३०. म्हणजे जुन्या हिशेबाने करेक्शन घेत राहिला तर लो ठरलेला. डोस बदलला की हे दोन आकडे त्याच दिवशी बदला.

तेलाचं म्हणाल तर ते स्वतंत्रपणे रेझिस्टन्स वाढवतं, काही तासांपुरता. २०१३ मध्ये अमेरिकेत टाइप १ च्या ७ जणांना सारख्याच कर्बोदकांची दोन जेवणं दिली, एकात १० ग्रॅम चरबी, दुसऱ्यात ६०. दुसऱ्याला सरासरी ४२ टक्के जास्त इन्शुलिन लागलं. अभ्यास छोटा, पण मामलेदारची मिसळ, बिर्याणी किंवा रात्रीची तळलेली थाळी खाल्ल्यावर सीजीएमवर हेच दिसतं: दोन तासांनी आकडा छान, पाच तासांनी २५०. त्याचा अर्थ बेसल वाढवायचं असा घेऊ नका. असं जेवण असेल त्या दिवशी डोस दोन भागांत देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

रात्रपाळीबद्दल मला खरोखर काळजी वाटते. एकाच रात्री फक्त चार तास झोप मिळाली तरी दुसऱ्या दिवशी टाइप १ च्या माणसाचे स्नायू इन्शुलिनला कमी दाद देतात. पाळी बदलत राहिली की जेवणाची वेळही हलते, आणि कॅन्टीनमध्ये पहाटे ३ ला वडा-सांबार मिळतो. पाळी सोडता येणार नसेल तर तीन गोष्टी करता येतात. ग्लार्जिनची वेळ घड्याळावर पक्की धरायची, उदाहरणार्थ रात्री ९, घरी असो वा ऑफिसात. रात्रपाळीचं मुख्य जेवण निघण्याआधी. आणि सकाळी घरी आल्यावर पडदे ओढून सलग सहा-सात तास झोप, मधे जेवायला उठवू नका. घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याची) तपासणी करून घ्या, तोही रेझिस्टन्स वाढवतो.

लपलेले आजारही पाहावे लागतात. दात किडलेला, लघवीत जळजळ, महिनाभराचा खोकला, वजन उलट कमी होऊ लागलेलं: यांतलं काही असेल तर आधी तो संसर्ग शोधा, आपल्याकडे टीबीचा विचार करावाच लागतो. दमा किंवा त्वचेसाठी कुणी स्टिरॉइड दिलंय का विचारा. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपार-संध्याकाळची शुगर चढवतं. थायरॉइड तर टाइप १ मध्ये वर्षातून एकदा पाहायलाच हवा.

आता खरा रेझिस्टन्स किती, याचा अंदाज घरी काढता येतो. क्लॅम्पशी पडताळलेलं एक सूत्र आहे, त्याला ईजीडीआर म्हणतात: २१.१५८ मधून कंबरेच्या सेंटिमीटरला ०.०९ ने गुणून वजा करा, बीपी असेल तर ३.४०७ वजा करा, एचबीएवनसीला ०.५५१ ने गुणून वजा करा. तुमच्या भावाचं: २१.१५८ − ८.९१ − ३.४०७ − ४.७३९ = ४.१. आकडा जितका लहान तितका रेझिस्टन्स जास्त. साधारण ८ च्या खाली रेझिस्टन्स धरतात, म्हणजे तो आहे, आणि बराच आहे. कंबर ८२, बीपी नाही, एचबीएवनसी ७ असलेल्याचं ९.९ येईल. कंबर मोजायची ती सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पँटच्या पट्ट्यावर नाही. भारतीय पुरुषात ९० आणि बाईत ८० ही मर्यादा. मानेमागची त्वचा काळी, मखमलीसारखी झाली असेल तर तीही खूण.

हा उरलेला रेझिस्टन्स उतरवायला चालण्याइतकंच वजन उचलणंही लागतं. आठवड्यात दोन-तीन दिवस उठाबशा, भिंतीवरचे पुशअप, डंबेल. बाकीचे दिवस ३० ते ४५ मिनिटं जोरात चालणं, मग ते पाम बीच रोडला असो वा घणसोलीच्या सेक्टरमधल्या बागेत. व्यायामानंतर २४ तास किंवा जास्तही शरीर इन्शुलिनला अधिक दाद देतं, त्यामुळे त्या रात्री लो चा धोका असतो. सुरुवात करताना शुगर १२६ ते १८० असावी. ९० च्या खाली असेल तर १०-२० ग्रॅम साखर घेऊन थांबावं. २५० च्या वर असेल तर आधी कीटोन (इन्शुलिन कमी पडून चरबी जळली की बनणारी आम्लं) बघावेत, रक्तातले १.५ च्या वर असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. वजन कमी करायचं ते ताटातून. इन्शुलिन टाळून वजन उतरतं हे काही तरुणांना कळतं आणि ते तसं करतात. तो जीवघेणा मार्ग आहे, त्याच्याशी याबद्दल एकदा मोकळेपणाने बोला.

शेवटी गोळ्या. मेटफॉर्मिनवर रिमूव्हल नावाची तीन वर्षांची चाचणी झाली, निकाल २०१७ चा. वजन थोडं उतरलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं उतरलं, पण एचबीएवनसीतला फायदा टिकला नाही. वरचं सगळं करूनही डोस किलोमागे १ च्या वर राहिला तर पूरक म्हणून ती देणं गैर नाही. किडनीचा रिपोर्ट पाहून आणि वर्षाला बी-१२ तपासून, विशेषतः शाकाहारी असेल तर.

डापाग्लिफ्लोझिन ही वेगळी गोष्ट. ती लघवीतून साखर बाहेर टाकते, त्यामुळे मीटरवर आकडा चांगला दिसतो, इन्शुलिन कमी केलं जातं, आणि शरीर चरबी जाळून कीटोन बनवायला लागतं. टाइप १ मध्ये यातून शुगर २०० च्या आत असतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोनने रक्त आम्ल होण्याची जीवघेणी अवस्था) होतो, आणि मीटर बघून घरच्यांना संशयसुद्धा येत नाही. युरोपात टाइप १ साठी ५ मिलिग्रॅमला २०१९ मध्ये परवानगी मिळाली होती, २०२१ मध्ये ती मागे घेतली गेली. त्याने आधीच सुरू केली असेल आणि उलटी, पोटदुखी, धाप किंवा खूप थकवा वाटला, तर शुगर १५० असली तरी रक्तातले कीटोन तपासा. ०.६ च्या वर असतील तर गोळी बंद करून डॉक्टरांना लगेच फोन करा. १.५ च्या वर असतील किंवा उलटी थांबत नसेल तर थेट हॉस्पिटल, आणि कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यातच सांगा: "टाइप १ आहे, डापाग्लिफ्लोझिन घेतोय." बेसल इन्शुलिन त्या दिवशीही बंद करायचं नाही, जेवण जात नसलं तरी.